अण्णांच्या नावावर गटार

सर्व सभासदांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपल्या दूध शीतकरण केंद्राचे तुंबलेले गटार शुक्रवारपर्यंत माननीय अध्यक्ष स्वतः, पँट वर करून, उपसतील.

ही घोषणा मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, फोन टेबलावर पालथा घातला आणि चहा मागवला. चहा यायच्या आत फोन थरथरायला लागला.

मी या केंद्राचा मॅनेजर. कोल्हारच्या आसपासच्या गावांतलं दूध आमच्याकडे येतं, मोठ्या स्टीलच्या टाकीत थंड होतं आणि टँकरने कंपनीकडे जातं. शनिवारी कंपनीचं ऑडिट होतं, म्हणजे त्यांचा माणूस येऊन स्वच्छता तपासणार. मागच्या खेपेला त्याने शेवटची ताकीद दिली होती. आता नापास झालो तर दूध बंद. मग सकाळी कॅन घेऊन दारात आलेल्या माणसांना काय सांगायचं?

म्हणून मीटिंग घेतली. आमच्या मीटिंगची एक रीत आहे. कामाला माणूस नसतो. ‘गटार काढलं पाहिजे,’ असं सगळे म्हणतात, सगळे माना डोलावतात आणि उठतात. नाव घेतलं जातं ते फक्त टोमण्यात.

त्या दिवशीही तेच झालं. गटाराचा विषय निघताच अध्यक्ष अण्णा भडकले. “मग आता मीच पँट वर करून उतरतो गटारात!”

दाराची माश्यांची जाळी फाटलेली. टाकी सांभाळणारा सॅम्युअल म्हणाला, “मंग मी दारात उभा राहून माश्या हाकलतो की! दुसरं काम काय हाय मला?”

दुधाचं तापमान बघायचं थर्मामीटरही फुटलेलं. लॅबच्या सुनीता मॅडम म्हणाल्या, “आणि थर्मामीटर मी माहेरून आणते!”

मी सगळं जसंच्या तसं फोनवर टाइप केलं आणि एआयला दिलं. म्हटलं, बाबा, यातून अ‍ॅक्शन आयटम काढ. अ‍ॅक्शन आयटम म्हणजे काय काम, कोण करणार, कधीपर्यंत.

त्याने इमानदारीत काढले. गटार उपसणे: अध्यक्ष. माश्या हाकलणे: सॅम्युअल. थर्मामीटर आणणे: सुनीता मॅडम, माहेरून. मुदत: ऑडिटच्या आदल्या दिवसापर्यंत.

मी एकटाच खुर्चीत हसत बसलो. मग दुरुस्त करायला घेतलं आणि थांबलो. कितीतरी मीटिंगांनंतर पहिल्यांदाच प्रत्येक कामापुढे एक माणूस उभा होता. त्याला हटवायचं पाप कोण करणार? जरा सजवून पाठवून दिलं.

त्या थरथरणाऱ्या फोनवर अण्णाच होते.

“मॅनेजर, मी गटार काढणार?”

“तुम्हीच म्हणालात, अण्णा.”

“अरे, ते रागात!”

“एआयला राग कळत नाही. नाव कळतं.”

“डिलीट कर आधी!”

पण ग्रुपवर गावोगावचे दूध उत्पादक होते. एकाने अंगठा टाकला, दुसऱ्याने हात जोडले. तिसऱ्याने विचारलं, ‘अण्णा, किती वाजता उतरणार? आमी बघाय येतो.’

शुक्रवारी अण्णा आले. पँट गुडघ्यापर्यंत, हातात खोरं, चेहरा असा की जणू सगळं आधीपासून त्यांनीच ठरवलेलं. बघायला आलेल्यांना हाताची घडी घालून उभं राहणं जमेना. एकाने घमेलं धरलं, दुसऱ्याने पाइप लावला. तळातून पशुखाद्याचं अख्खं पोतं निघालं आणि पाणी खळखळून वाहिलं.

दिवसभर माश्या हाकलण्यापेक्षा सॅम्युअलने नवी जाळी ठोकली. सुनीता मॅडमचं माहेर जवळच्याच बेलापूरचं. तिथे भावाचं डेअरीच्या सामानाचं दुकान निघालं! इतके दिवस आम्हाला पत्ता नव्हता. भाऊ स्वतः मोटारसायकलवरून थर्मामीटर घेऊन आला.

शनिवारी ऑडिट पास झालं. दूध चालू राहिलं. मी एवढंच शिकलो की कामाला नाव चिकटलं की ते होतं. नाव टोमण्यातून आलं तरी कामाला त्याचं वाईट वाटत नाही.

पुढच्या मीटिंगला विषय होता संडासाच्या टाकीचा. अण्णांचा चेहरा लाल झाला. “मग आता काय, मीच...”

सॅम्युअल खुर्चीतून अर्धा उठून ओरडला, “अण्णा, तोंड आवरा! सायब टाइप करायलेत!”