सरांच्या गौरवग्रंथातले एक पान

सरांनी सही केली नाही, त्याच दिवशी मी घर सोडले. भाई दुपारी सांगलीहून आला. मी संध्याकाळच्या सातारा गाडीने निघाले.

भाई म्हणजे शकील, माझा थोरला भाऊ. त्याच्या पिशवीत रसायनशास्त्राचा प्रबंध होता, बाइंडिंग करून आणलेला. प्रबंध विद्यापीठात द्यायचा तर मार्गदर्शकाची सही लागते. ती नसेल तर आत काहीही लिहिलेले असो, तो नुसता कागदांचा गठ्ठा. भाईने तो गठ्ठा दुकानात बांगड्यांच्या खोक्यांवर ठेवला आणि माझी बॅग उचलली.

औंधच्या स्टँडवर आम्ही तिघेच होतो. अम्मी मी शाळेत असतानाच गेली होती. मला जर्मनीत धर्माच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मिळाली होती आणि गावातल्या चार लोकांनी पेढे मागितले होते. गाडी लागली तेव्हा अब्बांनी माझा हात हातात घेतला आणि मनगटावरच्या बांगड्या पाहत राहिले. "तिकडं ह्या वाढल्या तर भरणार कोण?" ते म्हणाले. आमच्या धंद्यात बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. भाई खिडकीशी आला, म्हणाला, "तू तरी डॉक्टर हो." मग हसला. ते हसू मला सातारा येईपर्यंत सोसले नाही.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, जे औंधात, वडूजला, सांगलीत राहिलात, आणि तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखे पुस्तकांची बॅग घेऊन बाहेर पडलात. घर सोडलेली माणसे बहुधा आठवणींनी हळवी होतात. मी झाले नाही. मी निघाले ती राग घेऊन निघाले, आणि तो मी इतकी वर्षे नीट सांभाळला.

आमचे दुकान यमाईच्या वाटेवर. दर्शनाला आलेल्या बायका बांगड्या भरायला अब्बांसमोर बसत. अब्बा त्यांचा हात धरून एकच वाक्य म्हणायचे: "हात सैल सोडा, बाई. आवळला की दुखतं." घरात आम्ही दखनी बोलायचो, पण हे वाक्य मराठीतच होते आणि आम्हा भावंडांना ते पाठ होते. आम्ही कशावरून रुसलो तरी अब्बा तेच म्हणायचे.

जत्रांच्या दिवसांत अब्बा आसपासच्या गावी दुकान मांडत. खंडोबाच्या, बिरोबाच्या जत्रेत भंडारा उधळतात. भंडारा म्हणजे हळद. बायका येत त्या कोपरापर्यंत पिवळ्या होऊन. बांगडी सरकावी म्हणून अब्बा हाताला साबण लावत. हळदीला साबण लागला की ती लालसर होते, हे आमच्या घरात कुणी वेगळे शिकवले नाही, रोज दिसायचे. एका जत्रेत भाई पाणी द्यायला बसला होता. बायकांचे हात साबणाने धुतले तरी पिवळेच राहत होते. काहींच्या मनगटांवर पुरळ होते. भाईने ती पूड चिमूटभर कागदात बांधून घरी आणली, तिला चुना लावून पाहिला. चुन्याने हळदीचे कुंकू होते. ह्या पुडीचे काहीच झाले नाही.

तिथून त्याचा विषय सुरू झाला. सांगली हळदीचे गाव. तिथल्या बाजारात हळकुंडांच्या राशी असतात आणि रिक्षातून उतरले तरी तिचा वास अंगाला राहतो. ती हळद खरी होती. जत्रेतली पूड कुठूनतरी पोत्यांतून यायची आणि तिच्यात हळद नावालाच होती, बाकी पीठ आणि रंग. भाई जत्रेमागून जत्रा हिंडला, पुड्या गोळा केल्या आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांतले रंग वेगळे करून दाखवले.

आम्ही तिघे तेव्हा सांगली-मिरजेत शिकत होतो. भाई, मी आणि वडूजची सुनंदा, जी मिरजेला डॉक्टरकी शिकत होती आणि पुढे त्वचेची डॉक्टर झाली. सुनंदाचे आजोबा बौद्ध झाले तेव्हापासून त्यांच्या घरात भंडारा नव्हता, आमच्या घरात तर कधीच नव्हता, आणि आम्ही तिघे चहा पिताना भंडाऱ्याशिवाय दुसरे बोलत नव्हतो. भाई सांगायचा त्यात काय आहे. सुनंदा सांगायची त्याने कातडीचे काय होते. मी विचारायचे की अंगाची आग होत असतानाही बाई तो पुसत का नाही. सुनंदा म्हणायची, "तू इचार, आमी मलम लावतो." एका पिवळ्या पुडीत तीन विद्या मावतात, हे मी त्या टपरीवर शिकले. तेवढा मोठा वर्ग मला पुढे कुठल्याच विद्यापीठात मिळाला नाही.

सर भाईचे मार्गदर्शक होते आणि पुढे आमच्या कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांनी काम पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले होते, प्रत्येक प्रकरणावर "छान" असे लिहिले होते. सहीच्या दिवशी ते भाईला काय म्हणाले, ते भाईने मला नंतर फोनवर सांगितले. त्यांचा आवाज काढून सांगितले, म्हणून ते माझ्या कानात सरांच्याच आवाजात आहे. "शकील, काम उत्तम आहे. पण देवाच्या भंडाऱ्यात भेसळ आहे, हे तुझ्या नावावर शोभत नाही बाळ. लोक वेगळा अर्थ काढतील. तुझ्याच भल्याचं सांगतोय. विषय बदल."

भाई म्हणाला, "सर, पूड बघून कळतं का, तपासणारा कोण होता?"

सर म्हणाले, "तू हुशार आहेस. हुशार माणसाने हट्ट करू नये."

पुढच्या वर्षी सांगलीत परिषद झाली. सरांनी तिथे निबंध वाचला. आकडे भाईचे, तक्ते भाईचे. भंडारा हा शब्द काढून "बाजारातील पिवळ्या पुडी" असे घातले होते. भाईचे नाव कुठेही नव्हते, आभारातही नाही. ते विज्ञानाच्या सत्रात झाले. सुनंदा शेजारच्या दालनात वैद्यकाच्या सत्रात होती, तिला जेवणाच्या रांगेत कळले. तिने मला फोन केला तेव्हा तिला पहिल्यांदा शिव्या देताना मी ऐकले.

भाईने साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरी धरली. रंगाच्या कारखान्यात, रंग तपासायची. औंधातले त्याचे दोस्त त्याला हाक मारायचे, "काय डागतर, आज कंचा रंग?" तोही हसून म्हणायचा, "पिवळाच रं, गड्या." करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो साताऱ्याच्या एका दवाखान्यात गेला. विमाने बंद होती. त्याला माती दिलेली मी फोनच्या पडद्यावर पाहिली, जर्मनीतल्या स्वयंपाकघरात उभी राहून. कुणाचातरी हात कॅमेऱ्यासमोर येत होता आणि मी त्या हाताला बाजूला हो म्हणत होते.

सरांनी त्याला मारले नाही. हे मला ठाऊक आहे आणि न्यायाने वागायचे तर ते लिहायला हवे, म्हणून लिहिले. पण तो ज्या नावाने मेला त्यामागे डॉक्टर लागायचे होते, ते सरांनी लागू दिले नाही.

मी तिकडे शिकले, शिकवू लागले. आमच्या इन्स्टिट्यूटच्या मेन्झात, म्हणजे कॅन्टीनमध्ये, एकाच टेबलावर भौतिकशास्त्राचा, औषधशास्त्राचा आणि धर्मशास्त्राचा माणूस बसतो. सगळे प्रोजेक्ट आणि ग्रांटबद्दल बोलतात. आंतरविद्याशाखीय हा शब्द तिथे मिठासारखा वापरतात. पण एकाने लिहिलेले दुसरा वाचत नाही. सांगलीत सत्रांची दालने वेगळी होती, तिथे इमारती वेगळ्या आहेत. ही सवय मी ध्यानात ठेवली, ती उपयोगी पडली.

गेल्या वर्षी सरांच्या पंचाहत्तरीची समिती स्थापन झाली आणि मला मेल आला. सरांचा गौरवग्रंथ निघणार होता. विज्ञान, वैद्यक, धर्म आणि संस्कृती असे तीन विभाग, सरांच्या विद्यार्थ्यांनी आणि चाहत्यांनी लिहिलेले लेख. परदेशातली विद्यार्थिनी म्हणून माझा लेख हवाच होता. अट एकच, पहिल्या परिच्छेदात सरांचा उल्लेख असावा. वैद्यक विभागाची संपादक सुनंदाच होती. सरांचे नाव ज्या पुस्तकावर आहे, त्यात आपण काय करतोय, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "आत असल्याबिगर दार कसं उघडणार?"

मी तिला सांगितले, भाईचा प्रबंध अजून दुकानात आहे. त्याचा लेख करायचा. भाईच्या नावाने. एकट्याच्या.

"लय शानी हायस," ती म्हणाली. "विज्ञानात दिलास तर पयल्या पानालाच धरतील. धर्माच्या विभागात टाक. नाव दे, भंडारा: एक अभ्यास. रसायनवाले तिकडं फिरकत न्हाईत. आन धर्मवाल्यांना मधी सूत्र दिसलं की पान उलटतात."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर आपला फोटू नीट आलाय का बघत्यात."

लेख मी हळूहळू लिहिला. प्रबंधाची पाने अब्बा मोबाइलवर फोटो काढून पाठवायचे, अर्ध्या फोटोंत त्यांचा अंगठा. भाईची वाक्ये मी बदलली नाहीत. पहिला परिच्छेद तेवढा माझा. समितीची अट पाळली. तो असा: "हे संशोधन शकील यांचे आहे. ते सरांच्या मार्गदर्शनाखाली पूर्ण झाले. सरांनी त्यावर सही केली नाही. नंतर यातले आकडे सरांनी परिषदेत स्वतःच्या नावाने वाचले." तीन विभागांच्या संपादकांनी ग्रंथ पाहिला. धर्म विभागाच्या संपादकांनी मला कळवले की सरांचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात आला, हे फार चांगले झाले.

मी समारंभाला आले. सांगलीतल्या एका सभागृहात सरांना फेटा बांधला, शाल दिली, श्रीफळ दिले. एका वक्त्याने सर विज्ञान आणि अध्यात्म यांचा संगम आहेत असे सांगितले. मी अब्बांना घेऊन मागे बसले होते. अब्बांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ग्रंथाच्या प्रती वाटल्या गेल्या. मग नेहमीसारखी, सत्कारमूर्तींची सही घ्यायला रांग लागली. लोक पहिले कोरे पान उघडून धरत होते, सर न बघता सही आणि तारीख घालत होते.

आम्ही रांगेत उभे राहिलो. आमची पाळी आली तेव्हा मी भाईचे पान उघडून टेबलावर ठेवले.

"अरे, नसीम! जर्मनीहून?" सर म्हणाले आणि पेन टेकवले. मग त्यांना छापील मजकूर दिसला. स्वतःचा उल्लेख कुठे आला की माणूस वाचतोच. त्यांनी वाचले. दुसऱ्यांदा वाचले. त्यांचे पेन कागदावर तसेच राहिले आणि शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"हे मला आधी दाखवायचं होतंस," ते हळू म्हणाले. "इतक्या वर्षांनी... मी सही केली असती."

"करा ना, सर," मी म्हणाले. "जागा आहे."

मागचे लोक पुढे सरकत होते. कुणीतरी म्हणाले, "आवं, लवकर घ्या, जेवायचं ताटकळलंय." सरांच्या बोटांत पेन घट्ट धरलेले होते, इतके की नखे पांढरी पडली होती. मी काही बोलणार होते. बरेच काही साठवले होते. पण अब्बा वाकले, आणि बांगड्या भरताना बोलतात त्या आवाजात म्हणाले, "हात सैल सोडा, सर. आवळला की दुखतं."

सरांनी सही केली. भाईच्या नावाखाली, तारखेसकट. मी ग्रंथ मिटला आणि आभार मानले. जेवायला थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी समितीतून सुनंदाला फोन आले, उरलेल्या प्रतींतले ते पान काढता येईल का म्हणून. ती म्हणाली, "माझा विभाग न्हाई तो." प्रती तोपर्यंत कॉलेजांच्या ग्रंथालयांत पोचल्या होत्या. सर आता ज्या ग्रंथालयात जातील तिथे त्यांचा गौरवग्रंथ असेल, आणि त्यात ते पान असेल. हे मला आवडते. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

तिकडे मला लोक विचारतात, घर कुठे. मी शहराचे नाव सांगते, माझ्या फ्लॅटचा पत्ता सांगते, तो खरा आहे. औंधला गेले की मी पाहुणी असते, अब्बा माझ्यासाठी खुर्ची पुसतात. स्टँड तोच आहे. माझी बॅग आता मीच उचलते.

औंधला दुकान आहे. दुकानात अब्बा आहेत. गल्ल्यावरच्या काचेखाली आमच्या प्रतीतून काढलेले, सही केलेले पान आहे, बांगड्या भरायला बसलेल्या बायका ते वाचतात. शकील नाही. माझा राग आहे.