मोराची पाठ

आईच्यान सांगतो, ह्यातलं अक्षर न् अक्षर खरं हाय. म्हणजे, मी होतो तिथलं तर खरंच हाय. नव्हतो तिथलं मला रशीदचाचांनी सांगितलंय, अन् समोर गिऱ्हाईक नसलं की चाचा सहसा खोटं बोलत न्हाईत.

चपला बाहेर काढा अन् ऐसपैस बसा. चाचा जुम्म्याच्या नमाजला गेलेत, तासभर दुकान आपलंच. पैज अशी : किस्से खोटे निघाले तर चहा माझ्याकडून, खरे निघाले तर तुमच्याकडून. मंजूर? बरं.

बीडमध्ये जुन्या इराणी गालिच्यांचं दुकान हाय, हेच निम्म्या लोकांना पटत न्हाई. पण हैदराबादेत भावाभावांच्या वाटण्या झाल्या, लोक मोठ्या घरातून फ्लॅटमध्ये गेले, की त्यांचे गालिचे चाचांकडं येतात. दर गालिच्याबरोबर घमेलंभर धूळ अन् एक किस्सा येतो. धूळ मी काठीनं झोडपून काढतो. किस्से मात्र साठत चाललेत.

*

चाचांची एक सवय हाय. कुठलीबी चीज हातात आली की आधी उलटी करून बघायची. हातानं विणलेल्या गालिच्याच्या पाठीवर गाठ न् गाठ दिसते, नक्षीबी समोरच्यासारखीच उमटते. मशीनचा माल पाठीवरून उघडा पडतो. "समोरून काय, सगळेच झ्याक दिसतात," चाचा म्हणतात. "पाठ दाव!"

लग्नाची पत्रिका आली तरी चाचा आधी मागची कोरी बाजू बघतात.

चाची सांगतात, चाचा त्यांना बघायला गेलते तवाची गोष्ट. फराळाच्या ताटावर भरतकामाचा रुमाल होता. चाचांनी तो उचलला, उलटा केला, टाके बघितले अन् भरल्या बैठकीत म्हणले, "कबूल हाय!" पोरीकडं मान वर करून बघितलंबी न्हाई.

तो रुमाल चाचींच्या शेजारणीनं भरला होता. चाचींनी हे सांगितलं ते लग्नाला वीस वर्सं झाल्यावर!

*

एकदा एक डॉक्टर आले. नवा बंगला, हॉलला अँटिक गालिचा पाहिजे.

"किती जुना दाखवू?" चाचांनी विचारलं.

"शंभर वर्षं तरी पाहिजे. पण एक अट आहे. कुणी वापरलेला नको."

चाचांनी गल्ल्यामागचा एक नवाकोरा गालिचा काढून समोर ठेवला. म्हणले, "हा आजच घेऊन जा. पाय ठेवू नका. शंभर वर्सांनी तुमाला पाहिजे तसाच होतो."

डॉक्टरांनी अर्धा मिनिट खरंच विचार केला हो!

*

धारूरचे एक आडत दुकानदार सुतळीनं खोलीचं माप घेऊन आलते. पसंत पडलेला गालिचा सुतळीपेक्षा फूटभर मोठा निघाला.

"बाजूनं फूटभर कापून द्या," ते म्हणले. "कापलेल्याचं आमी पायपुसणं करू."

मी चाचांकडं बघितलं. वाटलं, आता कातरी निघते, पण ती गालिच्यावर चालणार न्हाई. चाचा शांतपणे म्हणले, "शेठ, ह्याला विणायला तीन वर्सं लागलीत. तुमची भिंत बांधायला किती लागली?"

"आठ दिवस."

"मग भिंत सरकवा की!"

शेठ गालिचा अख्खाच घेऊन गेले अन् आमी हे विसरलो. दोन महिन्यांनी शेठ परत आले. सिमेंट लागलेले हात, चेहऱ्यावर राग. भिंत खरंच पाडलेली! म्हणले, "आता खोली लई मोठी झाली. गालिचा रुमालावानी दिसतोय. त्याच्याहून मोठा दाखवा."

*

आता माझा किस्सा. ह्यात माझी चूक हाय, असं लोक म्हणतात.

आतल्या खोलीत खिळ्याला एक मोरवाला गालिचा टांगलेला असायचा. चाचांचे वालिद रफूगार होते. ह्या गालिच्यातला एक मोर उंदरांनी खाल्लेला, तो त्यांनी चार महिने बसून परत विणला. त्यांचं शेवटचं काम. समोरून बघा, कुठं रफू हाय ते इराणच्या माणसालाबी सांगता यायचं न्हाई. मागून मात्र तळहाताएवढ्या जागेत गाठी जरा वेगळ्या लागतात. "समोरून दिसलं तर ते रफू कसलं?" चाचा म्हणायचे. रोज दुकान उघडलं की आधी आत जायचे, पाठीमागून हात घालून त्या जागेवर ठेवायचे, मग बाहेर येऊन गल्ला उघडायचे.

गालिच्यावर पाटी होती : "विकाऊ नाही".

एका शुक्रवारी चाचा नमाजला गेले अन् मला काम नव्हतं. मी पाटीवर खाली बारीक अक्षरात लिहिलं : "कारण तुम्हाला परवडणार नाही".

तेवढ्यात लिंबागणेशचे भाऊसाहेब आले. बागाईतदार माणूस, गावचं राजकारण त्यांच्या बैठकीत ठरतं. बरोबर चार कार्यकर्ते. भाऊसाहेबांनी पाटी मोठ्यानं वाचली. मग चारी कार्यकर्त्यांनी मनातल्या मनात वाचली.

"कुनाला परवडत न्हाई बे?"

मी घाबरून तोंडाला येईल ती किंमत सांगितली. एवढी, की माणूस हसून निघून जावा. भाऊसाहेब हसले न्हाईत. एवढंच म्हणले, "असली हाय कशावरून?" तिथं मला काय अवदसा आठवली! चाचांचं सगळं लेक्चर त्यांच्याच थाटात झाडलं. पाठ बघा, गाठी बघा, खरी ओळख पाठीत असती!

पाच मिनिटांत गालिचा जीपमध्ये.

चाचा परत आले. रिकामा खिळा बघितला. गल्ल्यातले पैसे बघितले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणले, "सच्या, माझा बाप इकलास." मग म्हणले, "तो परत आल्याबिगर पायरी चढू नको."

*

दुसऱ्याच दिवशी लिंबागणेशला गेलो. पैसे पिशवीत, हात जोडलेले.

"परत?" भाऊसाहेब म्हणले. "अख्ख्या गावाला दावलाय. आता परत दिला तर गाव काय म्हणंल? भाऊसाहेबाला परवडला न्हाई!"

बरोबरच होतं. पाटी मीच लिहिली होती.

आठ दिवस मी दुकानासमोरच्या रसवंतीवर बसून चाचांना लांबून बघत होतो. रोज दुकान उघडायचं, चाचा आत जायचे अन् लगेच बाहेर यायचे. नवव्या दिवशी मीच रस्ता ओलांडला. "चाचा, पायरी चढत न्हाई. पण तुमी गाडीवर बसा. एकदा तुमी तो परत मागून बघा."

*

भाऊसाहेबांच्या बैठकीत गालिचा ऐन मधोमध अंथरलेला. त्यावर दोन नातवंडं गृहपाठ करत होती, चारजण चहा पीत होते.

अन् गालिचा उलटा! पाठ वर, समोरची मऊ लव जमिनीला!

चाचांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

"बगा चाचा," भाऊसाहेब छाती फुगवून म्हणले, "तुमच्या ह्या पोरानंच शिकवलं. खरी ओळख पाठीत हाय म्हणला. मग ओळख खाली दाबून कशाला ठिवायची? घेतली वर!" अन् कोपरा उचलून लव दाखवत म्हणले, "अन् इराणवाले बी लई हुशार. खालून अख्खी गादी लावून दिली की!"

मी छताकडं बघत राहिलो. चाचा खाली बसले. नातवाची वही जरा सरकवली, रफूच्या त्या मोरावर हात ठेवला अन् तसाच राहू दिला. त्यांच्यापुढचा चहा गार झाला.

तवा मला सुचलं. "भाऊसाहेब, एक सांगू का? ह्याची गादी बसलीय हो. शंभर वर्सांची. तुमच्यासारख्या माणसाच्या बैठकीत इतकी पातळ गादी बरी दिसत न्हाई."

भाऊसाहेबांनी खालून अंगठा दाबून बघितला. "पातळच हाय बे!"

"परत करू नका. बदलून घ्या. ह्याच्याहून भारी गादीचा! गाव म्हणंल, भाऊसाहेबाला हा हलका पडला."

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब मोरवाला घेऊन दुकानात हजर. एकाबी गालिच्याची नक्षी बघितली न्हाई, नुसती लव दाबत सुटले. सगळ्यात जाड होता तो घेतला. चाचा वरचे पैसे नको म्हणत होते. भाऊसाहेबांनी जबरदस्तीनं खिशात कोंबले.

तोबी उलटाच अंथरलाय म्हणे.

*

हां, एक राहिलं. त्या दिवशी भाऊसाहेबांच्या बैठकीतून परत येताना चाचांनी मांजरसुंब्याला गाडी थांबवायला लावली. ढाब्यावर चहा सांगितला, पहिला घोट घेतला अन् म्हणले, "गादी!" अन् असे हसले, असे हसले की चहा नाकातून आला. ढाबेवाला पाणी घेऊन पळत आला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला झटका आला.

मग मोरवाला दुकानात आला. मी तो झटकला, आतल्या खिळ्याला लावायला निघालो.

"टांगू नको," चाचा म्हणले. "बाहेर अंथर. लोक बसतात तिथं."

अंथरला. सुलटा, लव वर, मोर कसे झळाळत होते! चाचा दारातून लई वेळ बघत राहिले. मग वाकले, दोन कोपरे धरले अन् स्वतःच्या हातानं गालिचा पालथा केला.

"चाचा, उलटा झाला!" मी म्हणलो.

"चहा सांग," चाचा म्हणले.

आता जरा बुडं उचला सगळ्यांनी. बघा, खाली मोर हाय का? घाला हात खालून. लागली गादी?

मग काढा चहाचे.