सदाशिवला पडू दिलं नाही

सदाशिवला त्याच्या मुलाने, प्रकाशने फसवलं. आणि ते काम माझ्या हातून करून घेतलं, म्हणून मलाही फसवलं. सदाशिवला जाऊन दीड महिना झाला. तेरवीच्या दिवशी एकोडीत त्याच्या अंगणात मंडप होता आणि प्रकाश येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "बाबा चक्कर येऊन पडले." मी बोलायला उठलो तर दोघांनी दंडाला धरून मला फाटकाबाहेर काढलं. तिथं जे बोलू दिलं नाही ते इथं लिहितो.

मी गुरांचा दलाल. पोरवयात दुसऱ्यांची गुरं हाकत सानगडीच्या बाजाराला पायी जायचो, तेव्हापासून सदाशिव माझा दोस्त. घरी धानाची शेती, पण त्याचा सगळा जीव शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत. छकड्यावर बसून जोडी पळवणारा धुरकरी म्हणून तो पंचक्रोशीत ओळखला जायचा. विशीत असताना एकदा त्याचा छकडा माझ्यासमोर उलटला. चाक मांडीवरून गेलं, हाड कातडीबाहेर आलं. मी रडत होतो आणि तो मलाच शिव्या देत होता, "रडून काहून राहिला बे? बैल पकड आधी!" पुढच्या वर्षी लंगडत येऊन पुन्हा छकड्यावर बसला. बायको भांडली, सासरा भांडला, गावाने नावं ठेवली. त्याचं एकच उत्तर असायचं, "टांगा माह्या हायेत. मोडल्या तं मीच लंगडीन, तुमाले तं नाही ना लंगडावं लागत!"

मागच्या हंगामात, चौसष्टाव्या वर्षी, तो पुन्हा पडला. खांदा मोडला, कानातून रक्त आलं. प्रकाशचं साकोलीत खताचं दुकान आहे. तो पोरगा घाबरला, हे मला मान्य आहे. पण घाबरलेल्या माणसाने बापाशी तोंडावर भांडावं. बाप हात गळ्यात बांधून खाटेवर पडलेला असताना याने त्याची जोडी बाजारात आणली. म्हणाला, "काका, बाबांनीच पाठवलं." मालकाच्या हातून दावं घेतल्याशिवाय सौदा करायचा नाही, हा माझा चाळीस वर्षांचा नेम. त्या दिवशी मी तो मोडला. दुपट्ट्याखाली बोटं दाबून भाव ठरवला आणि अर्ध्या तासात जोडी मध्य प्रदेशच्या व्यापाऱ्याला देऊन टाकली. खरं सांगायचं तर मलाही वाटलं होतं, बरं झालं, म्हातारा वाचला...

पुढच्या बाजाराला सदाशिव आला. एक हात गळ्यात, दुसऱ्यात बैल टोचायची तुतारी. त्याने तिची टोकदार आर माझ्या गालात खुपसली. मी त्याचं नरडं धरलं. दोघं शेणात लोळलो. मी त्याच्या मोडक्या खांद्यावर गुडघा दिला, तेव्हा तो गुरासारखा ओरडला... लोकांनी ओढून वेगळं केलं. तोंडातलं रक्त थुंकत त्याने विचारलं, "दावं कोणाच्या हातून घेतलं बे?"

"तुह्या पोराच्या! तुह्याच भल्यासाठी! मरशील एखाद्या दिवशी!"

"मरीन. माह्या मरनाचा सौदाबी तूच करशील का?"

मी तसाच बाजार सोडून निघालो. त्या व्यापाऱ्याच्या मागे दोन दिवस फिरलो, पण जोडी पुढे विकली गेली होती.

यंदाचा पट जवळ आला तेव्हा, गेलेल्या जोडीची भरपाई म्हणून, मीच त्याच्यासाठी ओळखीच्या माणसाची जोडी मागून आणली. म्हटलं, "पडशील." "पडीन ना," तो म्हणाला, आणि बैलाच्या वशिंडावर हात फिरवत हसला.

पटाच्या सकाळी त्याच्या सुनेचा फोन आला, "काकाजी, लवकर या... मामाजी पडले." मी पोचलो तेव्हा सदाशिव अंगणात उखळाशेजारी होता, डोकं फुटलेलं. त्याच्या खोलीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. प्रकाशने खिशातली किल्ली काढून ते उघडलं, तेव्हा दाराच्या फळ्यांवर आतून विळ्याचे घाव दिसले. फळ्या फुटल्या नाहीत, म्हणून त्या लंगड्या पायाने आणि एका खांद्याने तो भिंत चढला, छपराची मातीची कवेलू उचकटून बाहेर निघाला आणि तिथून खाली आला. मी प्रकाशची मान धरून त्याच दारावर त्याचं डोकं आपटलं. तो रडत म्हणाला, "काका, पटात पडून मेले असते तं?"

"तं आपल्या मनानं मेला असता बे!"

सदाशिवचा श्वास अजून चालू होता. साकोलीच्या वाटेवर, माझ्या मांडीवर, तो थांबला.

दावं मी घेतलं. माझी चूक मी स्वतः इथं लिहिली आहे, ती कोणावर ढकलत नाही. प्रकाश, तुझं बापावर प्रेम नव्हतं असं मी म्हणत नाही. पण चक्कर येऊन पडणारा माणूस कवेलू उचकटत नाही, आणि किल्ली तुझ्या खिशात होती. गाव तुला गुणी मुलगा म्हणतं. तर एकोडीच्या चावडीवर ये आणि त्याच गावासमोर सांग, स्वतःची हाडं स्वतः मोडून घ्यायला मोकळ्या असलेल्या शहाण्या माणसाला कोंडायचा हक्क तुला कोणी दिला? मी समोर बसतो. माझ्या वाट्याच्या शिव्याही तिथंच खाईन. पण आधी तू बोल.