हंबीररावांचा युरिया

चिमणाबाईंची म्हैस हरणी पाण्याच्या बाबतीत फार मानी होती. कागलच्या अलीकडच्या त्या वाडीतलं तळं हिरवं पडलं, त्यावर शेवाळाची साय धरली, तेव्हा तिनं एकदाच वास घेतला, मान फिरवली आणि घरची वाट धरली. तेव्हापासून चिमणाबाई पाऊण मैलावरच्या विहिरीवरून तिच्यासाठी घागरी आणत होत्या. साठी उलटलेली, घरात दुसरं माणूस नाही, आणि म्हैस एका वेळेला चार घागरी पिणारी.

तळ्याच्या वरच्या अंगाला हंबीररावांचा ऊस होता. पंगतीत आग्रह करावा तसे ते उसाला युरिया वाढत, समोरचा नको म्हणेपर्यंत; आणि ऊस काही नको म्हणत नसे. शेजाऱ्यानं दोन पोती टाकली की यांची चार. मग पावसाची सर आली की सगळं बांधावरून उतरून तळ्यात.

चिमणाबाईंना त्यातलं रसायन कळत नव्हतं. पण ओढ्यात गवत दाट असेल तिथून खाली पाणी निवळ असतं, एवढं त्यांनी गुरं राखताना पाहिलं होतं. ऊस आणि तळं यांच्यामध्ये त्यांची एक अरुंद पट्टी होती. तिथला भुईमूग बंद करून त्यांनी मारवेल गवताचे ठोंब लावले. गुडघ्यांवर बसून, एकेक, वीतभर अंतरानं.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात गवत छातीला लागलं. तळ्याचा काठ थोडा निवळला. हरणीनं पुढचे दोन खूर पाण्यात बुडवले आणि विचार करत उभी राहिली. प्यायली मात्र नाही.

त्याच सुमारास शेतकी खात्याचा एक माणूस आला. गवत पाहून तो हरखला. वाहून गेलेलं खत तळ्याचं पाणी नासवतं आणि हे गवत ते वाटेतच अडवून खातं, असं त्यानं हंबीररावांना समजावून सांगितलं. त्याला वाटलं, गडी शरमेल. हंबीररावांच्या कानात एवढंच शिरलं की आपला युरिया चिमणाबाईंचं गवत खातंय.

दुसऱ्या दिवशी ते फेटा बांधून देवळाच्या कट्ट्यावर हजर झाले. खाल्लेला युरिया परत करा, नाहीतर गवत नांगरून टाका, अशी त्यांची मागणी होती. निवाड्याला केरबाआण्णा होते. तरुणपणी कुस्त्या मारलेला, कान मोडलेला हा म्हातारा. त्यांच्यापेक्षा मोठा आवाज वाडीत कुणाचा नसल्यामुळे शेवटचा शब्द त्यांचाच असे.

आण्णांनी बराच वेळ मिशी चोळली.

"युरिया आत्ता कुठं हाय म्हणता?"

"गवतात."

"आन् गवत?"

"म्हशीत की."

मग सगळा कट्टा उठून चिमणाबाईंच्या गोठ्यात गेला. हरणीनं आलेल्या मंडळींकडे पाहिलं, रवंथ थांबवला आणि शेपूट उचललं.

"ह्यो बघा आला," आण्णा गंभीरपणे म्हणाले. "उचला, हंबीरराव. तुमचा माल हाय. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाय."

हंबीररावही हटणारे नव्हते. अर्धा युरिया दुधातून जात असणार, त्याचं काय, असं त्यांनी विचारलं. तेव्हा चिमणाबाई पहिल्यांदा बोलल्या.

"दूध काढावं लागतंय. शेण आपसूक पडतंय. तुमचा युरियाबी आपसूकच गेलता की."

हे आण्णांना पटलं. शेण हंबीररावांचं, दूध चिमणाबाईंचं, गवताला कुणी हात लावायचा नाही. चिमणाबाईंचं चुलीसाठी शेणी थापणं त्या दिवशी बंद झालं. आता जळणाला उसाचं पाचट गोळा करत हिंडावं लागणार होतं. पण पट्टी राहिली. त्यांनी मान हलवली.

हंबीरराव रोज सकाळी शेण न्यायला बुट्टी घेऊन येऊ लागले. गडी असून गड्याला पाठवत नसत. त्यानं शेणाचा एखादा पो मागं ठेवला तर? लग्नकार्याला जायचं असलं तरी आधी गोठ्यात येऊन, फेटा सांभाळत, आपला माल डोक्यावर घेऊन जात. हरणीला उशीर झाला तर तिच्यामागे उकिडवे बसून राहत. शेण शेतात पडत गेलं, माती काळी आणि भुसभुशीत झाली. निम्मा युरिया घरी परत येतोच आहे, मग चार पोती कशाला, म्हणून त्यांनी पुढच्या साली दोनच टाकली.

दोन पावसाळे गेले. एका सकाळी ते गोठ्यात तक्रार घेऊन आले.

"आक्का, शेण कमी पडाय लागलंय. गवत पार बारीक केलंसा."

"वरनंच कमी येतंय, हंबीरराव."

हंबीरराव गवताकडे बघत राहिले. चिमणाबाई काखेत घागर आणि हातात हरणीचं दावं घेऊन विहिरीच्या वाटेला लागल्या. तळ्यापाशी दावं ताणलं गेलं. हरणी काठावर थांबली होती. तिनं वास घेतला, फुरफुरली, तोंड खाली घातलं. पाण्यात तिचं शिंग दिसलं, मग हललं. ती पीत राहिली, पीत राहिली, चार घागरींच्याही पुढे.

चिमणाबाईंनी घागर हळूच खाली ठेवली.

मागे हंबीरराव बुट्टी धरून उभे होते.

"पिऊ द्या," ते दबक्या आवाजात म्हणाले. "मी हाय थांबलेला."