रनिंग किती?

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी जितक्या लोकांना गाडी घेण्यापासून वाचवलं, तितक्या लोकांना बंगळूरच्या कुठल्याही शोरूमनं गाडी विकली नसेल. के. आर. पुरममधल्या आमच्या चार मजली इमारतीत कुणाच्या मनात गाडीचा विचार नुसता डोकावला तरी त्याची कुणकुण काकांना लागायची. मग तो माणूस जिन्यात, दूधवाल्याकडे, लिफ्टच्या दारात, जिथं सापडेल तिथं काका त्याला थांबवायचे आणि दोन प्रश्न विचारायचे. "रनिंग किती? आणि ठेवणार किती वर्षं?" ह्या दोन प्रश्नांची उत्तरं ज्याला नीट देता येत नाहीत त्यानं पेट्रोलची गाडी घेऊ नये आणि इलेक्ट्रिकचीही घेऊ नये, बसनं जावं, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. स्वतः काका बसनंच जायचे.

काका मूळचे निपाणीकडचे. एका सरकारी कारखान्यात पस्तीस वर्षं इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर लोक बाग करतात, तीर्थयात्रा करतात. काकांनी आलेखाच्या कागदाचं एक जाडजूड बाड आणि दोन रंगीत पेन्सिली आणल्या. लाल पेट्रोलची, हिरवी इलेक्ट्रिकची. "गाडीची किंमत ही गाडीची किंमत नसतेच," ते म्हणायचे. "ते फक्त आत शिरायचं तिकीट. खरा खर्च आत गेल्यावर." मग पेट्रोल, ऑइल, क्लचप्लेट, विमा, टायर सगळं यायचं. इलेक्ट्रिक गाडी वजनाला जड, म्हणून तिचे टायर लवकर झिजतात, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते पार्किंगमध्ये उकिडवे बसून शेजाऱ्यांच्या टायरची झीज मोजून यायचे. बॅटरी, चार्जिंगचा पॉइंट, विकताना पडणारा भाव ह्यांना तर रकाने होतेच, पण एक रकाना 'कॉफी-वडा' असाही होता. मी विचारलं तेव्हा ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "रस्त्यात चार्जिंगला लावून पाऊण तास बसणार ना? नुसती बसशील? कॉफी होणार. आणि कॉफीबरोबर बंगळूरमध्ये वडा येतोच."

एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या रेड्डींबरोबर ते शोरूममध्ये गेले. सेल्समननं सुरुवात जोरात केली, पण तासाभरानं रेड्डी खुर्चीत पेंगत होते आणि तो सेल्समन काकांना विचारत होता, "सर, मी स्वतः कुठली घेऊ?" इमारतीत चार्जिंग पॉइंट बसवावा की नाही ह्यावर मीटिंग झाली तेव्हा काका चाळीस मिनिटं बोलले. त्यांनी दोन्ही बाजू इतक्या निःपक्षपातीपणे मांडल्या, की आधी ज्यांची ठाम मतं होती त्यांचीही डळमळली. शेवटी सेक्रेटरीनं हात जोडून कन्नडमध्ये विचारलं, "सार, बेका, बेडवा?" हवा की नको, एवढंच सांगा. काका म्हणाले, "ते रनिंगवर आहे."

आम्ही पुण्याहून इथं नवीन आलो तेव्हा नवऱ्याला गाडीची भारी हौस. काकांनी आम्हाला खाली बोलावून घेतलं आणि डायनिंग टेबलावर कागद पसरला. लाल रेघ खालून निघून भराभर चढत होती. हिरवी वरून निघाली होती, पण सावकाश चढत होती. "इथं दोघींची गाठ पडते," काका म्हणाले आणि त्यांनी कागदाच्या पार उजव्या टोकाला एक गोल काढला. "तिथून पुढं इलेक्ट्रिक स्वस्त. पण तुझा नवरा व्हाइटफील्डला मेट्रोनं जातो, तू घरून काम करतेस. तुमची गाठ पडायला अकरा वर्षं लागतील. तोवर तुम्ही पुण्याला परत गेलेले असाल." नवऱ्यानं विचारलं, "मग पेट्रोलची घेऊ?" "कशाला? तेवढं फिरता कुठं तुम्ही?" आम्ही गाडी घेतली नाही. नवरा आठवडाभर काकांशी बोलला नाही.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हे सगळं ऐकायच्या. ठेंगण्या, गोऱ्या, हसऱ्या. भाषा निपाणीची, मधेच कन्नडचे शब्द. "आमचा पण कागद हाय की," त्या मला म्हणाल्या. "कागद संपला तरी रेघा भेटत न्हाईत. आमचं रनिंग म्हंजे भाजी मंडई आणि गणपतीचं देऊळ. माझ्या लग्नाच्या वेळी पण विचारलं असणार बघ ह्यांनी. किती वर्षं ठेवणार?" काका कागदावरून मान वर न करता म्हणाले, "तेव्हा विचारायचं राहिलं." काकू पदर तोंडाला लावून हसत राहिल्या.

पुढच्या वर्षी काकूंचे पाय सुजायला लागले. आधी चपला बदलल्या, मग मीठ कमी केलं, मग तपासण्या झाल्या. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, मंगळवार, गुरुवार, शनिवार. इस्पितळ हेब्बाळच्या बाजूला. सकाळी जाताना रिक्षा मिळायची, पण दुपारी परत येताना हाल. चार तास सुया टोचून पडलेलं माणूस बाहेर येतं तेव्हा त्याच्यात उभं राहण्याचं बळ नसतं. एका गुरुवारी मी त्यांच्याबरोबर गेले होते. तीन टॅक्सीवाल्यांनी एकामागून एक भाडं रद्द केलं. काकू इस्पितळाच्या बाहेर फुटपाथच्या कडेला बसल्या होत्या आणि काका त्यांच्यावर छत्री धरून उभे होते. ऊन सरकेल तशी छत्री सरकवत होते. चौथी टॅक्सी आली ती उग्र वासाची होती, आणि टिन फॅक्टरी चौकातल्या वाहतूक कोंडीत काकूंना उलटी झाली. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेऊन आम्हाला उतरवलं. काकांनी त्याच्याशी एका शब्दानंही वाद घातला नाही. खिशातला रुमाल काढून त्यांनी सीट पुसून दिलं.

त्या संध्याकाळी ते वर आमच्याकडे आले. हातात आलेखाचा कागद होता. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. "रनिंग वाढलं," ते म्हणाले. नेहमीच्याच आवाजात, शोरूममध्ये बोलायचे तसं. "आठवड्याला तीन फेऱ्या. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरच्या वर. वर्षाला बावन्न आठवडे. सुट्टी नाही, दिवाळी नाही. सातव्या वर्षी गाठ पडते." त्यांनी गोलावर बोट ठेवलं. "इलेक्ट्रिकच घ्यायला पाहिजे." ते कागदाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. डॉक्टर सात वर्षांचं काही बोलले नव्हते, हे मला माहीत होतं. त्यांनाही होतं. मी म्हटलं, "घ्या काका." आणि पहिल्यांदाच त्यांनी माझं मत विचारात घेतलं.

इमारतीत चार्जिंग पॉइंट ह्या वेळी मीटिंगशिवायच बसला. गाडी आली तेव्हा काकूंनी तिला हळदकुंकू लावलं आणि साऱ्या इमारतीसमोर म्हणाल्या, "जन्मभर म्हणत होते, रनिंग न्हाई, रनिंग न्हाई. केलं का न्हाई मी रनिंग?" सगळे हसले. रेड्डी हसता हसता दुसरीकडे बघायला लागले.

काका गाडी अशी चालवायचे, की पाण्याचे टँकरसुद्धा मागून हॉर्न वाजवत पुढे जायचे. कुठल्या रस्त्यावर किती खड्डे, कुठला गतिरोधक किती उंच, ह्याचा त्यांनी अभ्यास केला आणि तीन किलोमीटरनं लांबचा पण गुळगुळीत रस्ता शोधून काढला. डावीकडचं सीट मागे पाडून काकू परतीच्या वाटेवर झोपायच्या. गियरचे हिसके नाहीत, पेट्रोलचा वास नाही. त्यांना उलटी होईनाशी झाली. काका मला म्हणाले, "हे मी धरलंच नव्हतं गं. ही झोपते. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?" इतके दिवस त्यांना ओळखत होते, पण एखादा रकाना त्यांना सुचत नाही हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

काकू मात्र डॉक्टरांना गाठून म्हणायच्या, "डॉक्टर, आमच्या गाडीला सात वर्षं लागत्यात. तेवढं बघा हं." डॉक्टर हसायचे. काकांना हे आवडायचं नाही. ते बाहेर जाऊन उभे राहायचे.

एका रविवारी काकूंनी हट्ट धरला. इस्पितळ सोडून दुसरीकडे कुठंतरी जायचं. "कुठं?" "कुठं पण." काका म्हणाले, "विनाकारण?" "व्हय. विनाकारणच." मग आम्ही तिघं देवनहळ्ळीला गेलो. किल्ल्याच्या पायऱ्या चढणं शक्यच नव्हतं, म्हणून तटाच्या सावलीत गाडी लावून काकू दार उघडं ठेवून बसल्या. काकांनी तिथला प्रसिद्ध चकोता विकत घेतला, पपनसासारखं मोठं थोरलं फळ. पथ्यामुळे काकूंना फळं जवळजवळ बंदच होती. काकांनी तो सोलला, वरचं पांढरं साल नखानं काढलं आणि दोन फोडी त्यांच्या हातावर ठेवल्या. दोनच. काकूंनी एक खाल्ली. दुसरी कितीतरी वेळ हुंगत बसल्या. जवळच्या विमानतळावर विमानं उतरत होती आणि काकू प्रत्येक विमानाला मान वर करून बघत होत्या. येताना म्हणाल्या, "कुणी सुई टोचली न्हाई, कुणी वजन केलं न्हाई. विनाकारण आलो, तेच बरं वाटलं." त्या दिवशी काकांनी गाडी नेहमीपेक्षाही हळू चालवली.

गाडी आल्यापासून तिसऱ्या वर्षी, डिसेंबरात काकू गेल्या. दिवस बुधवार. सकाळी चहा ठेवते म्हणाल्या आणि ओट्याला धरून खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. काकांनी मला हाक मारली. मी धावत गेले तेव्हा ते फरशीवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "गॅस बंद कर आधी." खाली पार्किंगमध्ये गाडी चार्जिंगला लावलेली होती, दुसऱ्या दिवशीच्या फेरीसाठी. तिची वायर तशीच चार दिवस राहिली. शेवटी रेड्डींनी ती काढून गुंडाळून ठेवली.

हुबळीहून त्यांची मुलगी आली, तेराव्यापर्यंत राहिली. "गाडी वापरा बाबा, बाहेर पडा," असं सांगून गेली. काकांनी प्रयत्न केला. दोन वेळा बाहेर काढली आणि कोपऱ्यावरूनच परत आले. मग एक दिवस म्हणाले, "विकून टाकतो. सारखं डावीकडं बघायची सवय लागलीय, झोप लागली का म्हणून. असं चालवणं बरं नाही. कुणाला तरी धडक बसायची."

गाडी बघायला व्हाइटफील्डहून एक तरुण जोडपं आलं. मुलगा टायर बघत होता, मुलगी हुशार होती, तिनं सरळ प्रश्न केला. "अंकल, पेट्रोलपेक्षा ही खरंच परवडते का?" मी तिथंच उभी होते. रेड्डी गॅलरीतून ओणवे झाले होते. आता आलेख येणार, गाठ येणार, कॉफी-वडा येणार, असं आम्हा दोघांना वाटलं. त्यांच्याच रेघांप्रमाणे बोलायचं तर ती गाडी अजून निम्म्या वाटेवरही पोचली नव्हती. काकांनी बॉनेटवर हात ठेवला.

"मला परवडली," ते म्हणाले.

मग त्यांनी तिला डावीकडचं सीट मागे कसं पाडायचं ते दाखवलं, आणि तो लांबचा गुळगुळीत रस्ता कागदावर काढून दिला. भावाची घासाघीस अशी झालीच नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी काका स्वच्छ शर्ट घालून बसनं निघाले. मी विचारलं तर म्हणाले, "इस्पितळात." मला वाटलं, आता ह्यांनाच काही झालं. पण तसं काही नव्हतं. काकूंच्या शेजारच्या खाटेवर एक कन्नड अक्का असायच्या, त्यांच्याजवळ बसायला कुणी नसे. काकूंची लोकरीची शाल त्यांना द्यायला म्हणून काका गेले आणि चार तास बसून आले. आता दर मंगळवारी जातात. "काय बोलता हो?" मी विचारलं. "मी कुठं बोलतो? ती सुनेला शिव्या देते. मी मधेमधे 'सरी, सरी' म्हणतो, बरं बरं."

गेल्या मंगळवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते तेव्हा काका फाटकातून आत येताना दिसले. हातात चिकूंची पिशवी होती, अक्कांनी दिलेली. "चार तुला ठेवलेत," त्यांनी खालूनच सांगितलं. मी विचारलं, "बसला गर्दी होती?" "होती की. पण एका पोरीनं उठून जागा दिली मला," काका म्हणाले. "म्हातारा दिसायला लागलो वाटतं." आणि पिशवी मांडीवर घेऊन ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले, घरात जायची काही घाई नसल्यासारखे. मी उरलेले कपडे बादलीतच ठेवले, खाली गेले आणि त्यांच्या शेजारी बसले.