ओढ्यापलीकडे दोन रात्री

तो सोमवार आजही आठवतो, आणि आठवला की आधी स्वतःचीच लाज वाटते. अभिमान वाटतो तो नंतर, तोही थोडाच.

मे महिना होता. कत्तिरीचं, म्हणजे ऐन मे महिन्यातलं, रणरणतं ऊन कसं असतं, ते चेन्नईत उन्हाळा काढल्याशिवाय कळत नाही. सकाळी साडेनऊलाच वेलचेरीकडच्या आमच्या ठाण्यात खुर्चीच्या हाताचा चटका बसत होता. मी तिथे इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं तंजावरचं मराठी, पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. त्यामुळे कोणी मराठी माणूस ठाण्याची पायरी चढला, की शिपाई त्याला थेट माझ्यासमोर आणून बसवत.

त्या दिवशी आलेले गृहस्थ सत्तरीचे होते. कोल्हापूरकडचे निवृत्त शिक्षक, मुलाकडे महिनाभर राहायला आलेले. तमिळ येत नव्हतं, इंग्रजी घाईत सुचत नव्हतं. शेअर ऑटोवाल्याला नुसतं 'पोलीस, पोलीस' म्हणत ते ठाण्यापर्यंत पोचले होते. मुलगा सत्तावीस वर्षांचा, मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. ऑफिसच्या कामाला पुदुच्चेरीला जातो म्हणून शनिवारी पहाटे निघाला. रविवारी संध्याकाळी परतणार होता, तो आला नव्हता आणि फोन बंद होता.

खरं सांगतो, मी मनात हसलो. लग्न न झालेला पोरगा, शनिवार-रविवार आणि स्वस्त दारूचं पुदुच्चेरी! अशी 'बेपत्ता' मंडळी सोमवारी दुपारपर्यंत तोंड लपवत घरी येतात. मी मास्तरांना पाणी दिलं आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहा म्हणालो. मास्तर जागचे उठले नाहीत.

"साहेब, ऑफिसच्या कामाला कोणी झिजलेले बूट घालून जात नाही. नवे बूट घरात आहेत. पोरांच्या थापा ऐकण्यात माझा जन्म गेला. हा माझ्याशी खोटं बोलतोय हे मला शनिवारीच कळलं होतं. मोठा झालाय म्हणून विचारलं नाही."

मग मात्र मी बेपत्ता झाल्याची नोंद करून घेतली. शिपायाला त्यांच्या इमारतीवर पिटाळलं. फाटकावरच्या वहीत शनिवारी पहाटे पावणेपाचला आलेल्या एका गाडीचा नंबर होता. वॉचमन म्हणाला, आत तिघं होते, चौथा पाठीवर सॅक घेऊन बसला. गाडी मुलाच्या मित्राची निघाली. मित्र साताऱ्याचा, कॉलेजपासूनचा, गिंडीच्या एका कंपनीत नोकरीला. अकरा वाजता तो माझ्यासमोर होता.

त्याचं म्हणणं असं, की चौघं पुदुच्चेरीला गेलो, तो तिथेच थांबला, आम्ही परत आलो. पाठ केल्यासारखं धडाधड बोलला. माझा एक अनुभव आहे. माणूस हरवला की त्याची माणसं पोलिसांनाच प्रश्न विचारून भंडावून सोडतात. या पठ्ठ्याने एकही प्रश्न विचारला नाही. मी त्याचा मोबाइल मागून घेतला आणि टोलनाक्याचे मेसेज पाहिले. पुदुच्चेरी दक्षिणेला, याची गाडी शनिवारी सकाळी आंध्रच्या रस्त्यावरून, उत्तरेला गेली होती.

चोरी पकडली गेली आणि त्याचं तोंड बंद झालं. इथे माझी चूक झाली. मी टेबलावर हात आपटला. कलमं ऐकवली, नोकरी जाईल म्हणालो, पासपोर्ट विसर म्हणालो, खुनाचा संशयसुद्धा बोलून दाखवला. तो पांढराफटक पडला, पण बोलेना. तासभर मी दगडावर डोकं आपटत होतो.

आमच्या एट्टम्मा, म्हणजे महिला हेड कॉन्स्टेबल, हे सगळं दारातून पाहत होत्या. नोकरीत माझ्याहून जुन्या. त्यांनी मला बाहेर बोलावलं. त्या म्हणाल्या, सर, पोराचे हात काट्यांनी ओरबाडलेत, हा डोंगरातून आलाय. तिकडे आंध्रच्या सीमेवरच्या डोंगरात रोज दुपारी कोडै मळै, म्हणजे वळवाचा पाऊस, कोसळतोय, सकाळीच बातम्यांत सांगितलं. आणि मग हळूच म्हणाल्या, "तो मित्राच्या मरणाला जेवढा भ्यालाय, त्याहून जास्त आपल्याला भ्यालाय. आधी ते कमी करा."

मी आत गेलो, वही मिटली, पेन खिशात घातलं आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसलो.

"मी काहीही लिहीत नाही. फक्त जागा सांग."

त्याने उघड्या दारातून बाकावरच्या मास्तरांकडे पाहिलं आणि तो ओक्साबोक्शी रडायला लागला. मग सगळं बाहेर आलं.

परवानगीशिवाय जायला बंदी असलेल्या डोंगरात ही चौघं चढली होती. सगळी सह्याद्रीत हिंडून तयार झालेली पोरं. त्यांच्या हिशेबी पाऊस जूनचा, आणि मे महिन्यातला कोरडा ओढा म्हणजे वर जायची सरळ वाट. इकडचे डोंगर दुपारपर्यंत तापतात आणि तिसऱ्या प्रहरी त्यांच्यावर आभाळ फुटतं, हे त्यांना कोण सांगणार? तीनच्या सुमाराला आभाळ भरून आलं आणि वरून गढूळ पाण्याचा लोंढा आला. तिघं अलीकडच्या काठाला लागले. मास्तरांचा मुलगा पलीकडे राहिला, घोटा मोडलेला, एका कपारीखाली. तिथून तो ओरडला होता, "पाय गेलाय. माणसं घेऊन या."

तिघं खाली उतरले. पण ना गावात गेले, ना वनखात्याकडे. केस होईल, नोकरी जाईल. पाणी ओसरलं की सरपटत का होईना येईल, अशी एकमेकांची समजूत घालत ते गाडीत बसले. रविवार 'उद्या सांगू, उद्या सांगू' म्हणण्यात गेला.

साडेबारा वाजले होते. आज पुन्हा तीन वाजता पाऊस येणार होता. जागा दुसऱ्या राज्याच्या हद्दीत. तिकडच्या अधिकाऱ्याला फोन लावला. हद्दीचा घोळ घालत बसेल अशी भीती होती, पण भला माणूस होता. वनखात्याचे लोक आणि पायथ्याच्या गावातली दोरवाली माणसं गोळा करतो म्हणाला. मी मित्राला जीपमध्ये घातलं. मास्तर न विचारताच पुढे येऊन बसले. दारातून त्यांनी सगळं ऐकलं होतं. अडीच तासांच्या रस्त्यात ते एकदाच बोलले. "तिकडे पाऊस सुरू झाला असेल का?" मी नाही म्हणालो. मला काही ठाऊक नव्हतं. समोर आभाळ काळं होत चाललं होतं.

मास्तरांना पायथ्याशी ठेवून आम्ही चढलो. ओढ्यापाशी पोचलो तेव्हा थेंब सुरू झाले होते आणि पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं. गावातले दोघे दोर कमरेला बांधून पलीकडे गेले. कपारीत वाकून पाहिलं आणि एकाने हात वर केला. जिवंत होता! अंगात ताप, ओठ फुटलेले, पाय भोपळ्यासारखा सुजलेला. त्याला अलीकडे आणलं आणि मागे पाणी छातीला लागलं. गावकऱ्याने खालचं वळण दाखवलं. पन्नास पावलांवर सरळ कडा होता. ओढ्याच्या कडेने सरपटत निघाला असता, तर पहिल्याच रात्री संपला असता.

तो पोरगा घोटभर पाणी प्याला आणि मित्राकडे बघून हसला. म्हणाला, "तू माणसं घेऊन येणार हे माहीत होतं रे मला. म्हणून जागचा हललो नाही."

मित्र खाली मान घालून उभा राहिला. मीही दुसरीकडे पाहिलं.

बंदी मोडल्याची केस चौघांवर रीतसर झाली. नोकरी कोणाचीही गेली नाही. ज्या भीतीपायी माणूस दोन रात्री मरणाच्या दारात बसला, ती एवढीच होती. त्या भीतीत मी माझ्या दमदाटीने आणखी एक तास घातला, हे मी कधी विसरलो नाही. पुढे हाताखालच्या पोरांना सांगत आलो, समोरचा गप्प बसला तर आवाज चढवण्याआधी तो कशाला भ्यालाय ते बघा.

दवाखान्यात मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, मित्र त्याला टाकून आला होता, हे त्याला कळायलाच हवं का?" सगळ्या नोकरीत मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मुलाने जबाबात सांगितलं की मित्राने मदत आणली, आणि ते मी तसंच लिहून घेतलं.

तो अजून दर दिवाळीला मला फोन करतो. दरवेळी मित्राचं तोंड भरून कौतुक करतो, असा मित्र मिळायला भाग्य लागतं म्हणतो. मी म्हणतो, हो बाबा, लागतं.