साधं पेट्रोल की भारीतलं?

आमच्या ह्यांना स्वतःची गाडी चालवत लडाखला जायचं होतं, आणि मला त्यांच्या शेजारी बसून बर्फ बघायचा होता. एवढंच मागणं होतं हो! पण मध्ये पेट्रोल आडवं आलं.

हे नाशिक रोडला सरकारी नोकरीत. नव्वदच्या दशकात एक जुनी गाडी घेतली आणि तेव्हापासून एकच घोकणं, "वर हवा विरळ असते. चढावर इंजिनाला दम लागला तर?" त्यात द्वारका चौकातल्या गॅरेजवाल्या मेस्तरींनी तेल ओतलं. म्हणाले, "साहेब, हवा पातळ, म्हंजे पेट्रोल कडक पायजे." झालं! पुढे पंपांवर साध्याच्या शेजारी जास्त ऑक्टेनचं महागडं पेट्रोल मिळायला लागलं आणि ह्यांची झोपच उडाली.

मग रविवारच्या परीक्षा सुरू झाल्या. एका रविवारी साधं भरून वणीच्या गडाचा घाट चढायचा, पुढच्या रविवारी भारीतलं. चढावर इंजिन टकटक करतं का, हे ऐकायचं काम माझं. काचा खाली, टेप बंद, आणि मी तोंड उघडलं रे उघडलं की, "अगं, श्श! इंजिन ऐकू दे." कधी घरी परतल्यावर म्हणायचे, "टाकीत आधीचं थोडं उरलं होतं. आजचा रविवार धरायचा नाही." लोक गडावर नवस फेडायला यायचे, आम्ही पेट्रोल तपासायला. देवीसुद्धा म्हणत असेल, आलीस का गं बाई परत?

दर मे महिन्यात मी स्वेटर काढून उन्हात घालायची. दर जूनला हे म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की. अजून खात्री होत नाही." एकदा मी भडकलेच. "अहो, खड्ड्यात गेलं ते पेट्रोल! तिकडची माणसं काय गाडीत पाणी घालतात?"

हे हसले नाहीत. म्हणाले, "वर गाडी बंद पडली आणि तुला थंडीत कुडकुडत बसावं लागलं, तर?"

आता अशा माणसावर किती रागावणार? मी स्वेटर घडी करून परत पेटीत ठेवले.

एका जानेवारीत ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

अजूनही गाडीत बसले आणि चढ लागला की मी आपोआप गप्प होते. शेजारून कुणी "श्श" म्हणत नाही. त्या एका "श्श"साठी जीव तुटतो माझा.

दोन वर्षांनी लेक हट्टाने मला लडाखला घेऊन निघाली. मनालीहून भाड्याची गाडी केली. पुढे एका पंपावर ड्रायव्हर म्हणाला, यानंतर लेहपर्यंत पंप नाही, टाकी इथेच भरायची. माझ्या तोंडून निघून गेलं, "भैया, साधा डालोगे या भारीवाला?"

त्याला गंमत वाटली. "आंटीजी, यहाँ एक ही मिलता है, सादा। ऊपर हवा कम है ना, इंजन पे ज़ोर ही कम पड़ता है। सादा ही बढ़िया चलता है।"

समोरच्या डोंगरावर बर्फ होता. लेक म्हणत होती, आई, बघ ना! मी खाली उतरलेल्या ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे बघितलं आणि हुंदका आवरेचना.

"अहो, साधंच चालतं हो," मी म्हटलं. "आपण निघायला हवं होतं."